फियाटचा फ्लोअर कुजलाय. पत्रा बदलल्यावर आवाजाचं अस्तर परत घालू का?

आचऱ्याची_फियाट
९ नोव्हेंबर, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. गाडी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, पेट्रोल. बाबांची. घरात तिला कायम फियाटच म्हटलं गेलं, मीही तेच लिहिते. बाबा गेल्यावर चार वर्षं ती मांगरात उभी होती. मांगर चिऱ्याचा, जमीन शेणाने सारवलेली, समुद्र चालत दहा मिनिटं. म्हणजे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल.

दिवाळीच्या पाडव्याला इंजिन सुरू झालं. प्लग, पॉइंट, कार्बोरेटर सगळं कणकवलीच्या मिस्त्रींनी केलं होतं. आईला म्हटलं, चल, रामेश्वराला जाऊन येऊ. आई मागे डाव्या बाजूला बसली (ती तिथेच बसते, पुढे बसली तर बाबांना ब्रेकचे सल्ले द्यायची म्हणून मागे पाठवली होती) आणि दार लावताना तिने पाय रोवला तर पाय मॅटसकट घोट्यापर्यंत खाली. मॅट होती म्हणून लागलं नाही. देऊळ राहिलं.

मग सगळं उचकटलं. वर रबरी मॅट, त्याखाली ज्यूटचा जाड नमदा, त्याखाली पत्र्याला चिकटलेला डांबराचा थर. नमदा ओला होता, नोव्हेंबरात! मासळीच्या तराजूवर टाकला: ११ किलो. सहा दिवस खळ्यात उन्हात घातल्यावर ४ किलो. सात किलो पाणी गाडीच्या पोटात घेऊन आम्ही देवळात निघालो होतो.

डांबराखाली २०११ मध्ये एका गॅरेजात केलेलं काम निघालं. जुन्या गंजक्या पत्र्यावरच नवा पत्रा, पॉप रिव्हेट मारलेले, वरून डांबर फासलेलं. दोन पत्र्यांच्या मधे स्क्रूड्रायव्हर घातला तर चहापूड निघावी तसा गंज सांडला.

आता प्रश्न. पत्रा तर बदलायचाच आहे. पण नंतर आवाज कमी करायचं अस्तर परत घालू की नको? घातलं तर कुठलं? न घातलं तर ही गाडी पत्र्याच्या डब्यासारखी वाजते, आईशी बोलता येत नाही. आणि मागचा डावा कोपराच सगळ्यात वाईट का, हे मला कळत नाहीये. काच गळते ती पुढे उजवीकडे.

---

गप्प_गाडी
९ नोव्हेंबर, रात्री ११.५५

ताई, मी मूळचा गुहागरचा, आता ठाण्यात. माझ्याकडे ८९ ची आहे. माझं मत: सगळीकडे ब्यूटाइल (चिकट रबराची) शीट मारा. अॅल्युमिनियमचा पापुद्रा असलेली, २ मिमी जाडीची. फ्लोअर, फायरवॉल (इंजिन आणि आतल्या सीटांमधला आडवा पत्रा), दारं, छप्पर, काही सोडू नका. त्यावर फोम, त्यावर कार्पेट. माझ्या गाडीत आता हॉर्नसुद्धा लांबून वाजल्यासारखा वाटतो.

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची चंदेरी पट्टी मिळते, स्वस्त आहे, दिसायला सेम. ती नका वापरू. मी आधी तीच वापरली. आत डांबर असतं. मे महिन्यात बंद गाडी तापली की ते पातळ होऊन ओघळतं आणि आठवडाभर गाडीत रस्ता बांधतायत असा वास.

जुनं डांबर काढायला कोरडा बर्फ वापरतात. डांबर कडक होतं, हातोडी मारली की काचेसारखं तडकतं. तुमच्याकडे जेटीवर साधा बर्फ मिळत असेलच, त्यात मीठ मिसळलं की तापमान आणखी खाली जातं. करून बघा.

---

पत्रेवालो_सावंतवाडी
१० नोव्हेंबर, सकाळी ६.२०

मीठ?? गंज काढूक मीठ घालतंत? गप्प गाडयेवाल्यान आता जरा गप्प ऱ्हवाचा.

बाय, मी बोलतंय मालवणी पण लिहिताना शाळेतलं मराठी लिहितो, चुकलं तर समजून घे. चाळीस वर्षं पत्र्याचं काम केलं, आता मुलगा करतो.

डांबर हीट गनने गरम कर आणि पोटीन लावायच्या पत्तीने खरवड. राहिलेला काळेपणा रॉकेलच्या फडक्याने. गनच्या आधी बॅटरीची वायर काढ, आणि खाली वाकून बघ, पेट्रोलची नळी आणि ब्रेकचा पाइप कुठून जातो ते. रॉकेलचं फडकं आणि हीट गन एका वेळी हातात नको. हसू नको, मी एकाच्या भुवया जळलेल्या बघितल्यात.

आता पत्रा. पहिली गोष्ट, ह्या गाडीला वेगळी चॅसिस नाही. फ्लोअर आणि दाराखालची पेटी, आम्ही सिल म्हणतो, हीच तिची हाडं. दोन्ही बाजू एकदम कापल्यास तर गाडी मधे बसेल आणि दारं लागणार नाहीत. एक बाजू काप, जोड, मग दुसरी. कापायच्या आधी चारी दारांच्या फटी पेन्सिलने पत्र्यावर लिहून ठेव. गाडी सपाट जमिनीवर हवी, सारवलेल्या मांगरात जॅक रुततो.

दुसरी. टोच्याने टोचत जा. जिथे टोच्या आत जात नाही आणि घासल्यावर पत्रा चकचकीत येतो, तिथून दोन बोटं पुढे काप. गंजाला दया दाखवायची नाही. नवीन पत्रा सीआर (कोल्ड रोल्ड, साधा काळा-गुळगुळीत, जस्त नसलेला) घे, १ मिमी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिळेल. आठ बाय चार फुटाची शीट साधारण २३ किलो भरते, तुला अर्धी पुरे. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, घेऊ नको, वेल्डिंगला जस्ताचा पांढरा धूर येतो, छातीत भरला तर रात्री ताप.

पत्र्यावर पत्रा ठेवायचा नाही. तुझ्या त्या २०११ वाल्याने तेच केलं. दोन पत्र्यांच्या फटीत पाणी चढतं आणि तिथून निघत नाही. कडेला कड लावून सीओटू वेल्डिंग. एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, तिसरा समोरच्या बाजूला. घाईने सरळ ओढत गेलास तर पत्रा तापून पुरीसारखा फुगतो.

आणि आता आवाजाचं, कारण तुझा प्रश्न तोच आहे. जुन्या फ्लोअरला कंपनीने नाळी दाबलेल्या असतात, उंचवटे. त्या कशाला असतात? पत्रा ताठ राहावा म्हणून. नवीन पत्रा सपाट टाकलास तर तो पत्र्याच्या डब्याच्या झाकणासारखा डबक-डबक वाजणार, मग त्याच्यावर हजारो रुपयांचं रबर चिकटव. फणसाच्या फळीला खोबण काढ, पत्रा त्याच्यावर ठेव, गोल तोंडाच्या हातोडीने नाळ उठव. गाडी अर्धी तिथेच गप्प होते. हे काम कोणी करत नाही कारण ह्याला वेळ जातो आणि मॅट टाकल्यावर दिसत नाही.

---

आचऱ्याची_फियाट
१० नोव्हेंबर, सकाळी ९.०५

काका, हे वाचून मी खळ्यात जाऊन उरलेल्या फ्लोअरवर बोटाने टकटक केली. नाळी आहेत तिथे आवाज ‘टक’. २०११ च्या सपाट पत्र्यावर ‘ढब’. बरोबर आहे तुमचं.

(पुढच्या वेळी ‘गेलीस’ म्हणा. ‘गेलास’ नको.)

---

वाशिष्ठीकाठ
१० नोव्हेंबर, दुपारी २.३०

चिपळूणहून. २२ जुलै २०२१ ला आमची गाडी छतापर्यंत पाण्यात होती, त्यामुळे या विषयात माझी पीएचडी झाली आहे. आमची पद्मिनी नाही, साधी हॅचबॅक होती, पण फ्लोअर तो फ्लोअर.

पूर उतरल्यावर चिखल धुतला, कार्पेट वाळवलं, सगळं छान दिसलं. कार्पेटखालचा फोम कोणी काढला नाही. तो स्पंजासारखा. दीड वर्षात ड्रायव्हरच्या टाचेखाली भोक. तेव्हापासून माझा एकच नियम: फ्लोअरवर जे काही असेल ते हाताने उचलता आलं पाहिजे. चिकटवलेलं काहीही नको. महिन्यातून एकदा मॅट उचलायची, हात फिरवायचा. आवाज येतो? येऊ दे. रेडिओ मोठा करायचा.

---

गप्प_गाडी
१० नोव्हेंबर, दुपारी ४.१०

बर्फाचं मागे घेतो. मीठाचं डोक्यातच आलं नाही, ठाण्यात राहून माणूस बिघडतो.

पण वाशिष्ठीकाठ, ब्यूटाइल आणि फोम यांत फरक करा. ब्यूटाइल पाणी शोषत नाही, ते फक्त पत्र्याची थरथर मारतं. भिजतो तो नमदा आणि उघड्या पेशींचा फोम. फोम घ्यायचाच तर बंद पेशींचा, क्रॉसलिंक म्हणून मिळतो. दुकानात विश्वास ठेवू नका. तुकडा कापा, वजन करा, बादलीत दगडाखाली रात्रभर दाबा, पुसून परत वजन करा. वाढलं असेल तर ते गाडीत नको, उशीत भरा.

आणि ‘सगळीकडे मारा’ हेही थोडं मागे घेतो. पत्र्याच्या मोकळ्या भागाचा तिसरा हिस्सा झाकला तरी थरथर बरीचशी मरते. मी शंभर टक्के झाकलं, गाडी जड झाली आणि चढणीला हजार एकोणनव्वद सीसीला दम लागतो.

---

हिरडा_बेहडा
१० नोव्हेंबर, रात्री ९.००

राजापूरहून. तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, गाडी कधी चालवली नाही. पण मूळ प्रश्नाकडे कोणीच बघितलं नाही: डावा मागचा कोपराच का?

लोखंड गंजायला पाणी आणि हवा पुरते, पण क्लोराइड असेल तर वेग फार वाढतो, आणि गंज सपाट पसरण्याऐवजी खड्डे पाडत खोल जातो. शिवाय मीठ हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे वर कोरडं दिसलं तरी खाली काम चालू. ताई, दोन्ही कोपऱ्यांतला गंज वेगवेगळा खरवडा. चमचाभर प्रत्येकी. डिस्टिल्ड वॉटरमध्ये ढवळा, गाळा. गाळलेल्या पाण्यात थोडं विरल नायट्रिक आम्ल आणि मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब. जवळच्या हायस्कूलच्या प्रयोगशाळेत हे सगळं असतं. पांढरा साका आला तर क्लोराइड. समुद्रकाठी दोन्हींत येईलच, म्हणून तुलना महत्त्वाची. गंजाचं आणि पाण्याचं माप दोन्हीकडे सारखं घ्या.

जिथे पत्रा चांगला आहे पण वरवर गंज आहे, तिथे रस्ट कन्व्हर्टर लावतात. त्यात बऱ्याचदा टॅनिक आम्ल असतं. ते गंजाशी संयोग पावून काळं, न विरघळणारं संयुग बनवतं. हिरडा आणि हिराकसाची (लोखंडाच्या क्षाराची) जुनी शाई काळी व्हायची ती याच कारणाने. मात्र सुटलेल्या खपलीवर लावू नका, खपली काळी होईल आणि काळी होऊन पडेल. आधी गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवा. मीठ खाली ठेवून वर कितीही रंग मारा, फोड येणारच.

---

आचऱ्याची_फियाट
१६ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.१५

दोन गोष्टी केल्या.

आधी पाण्याची. वाळलेल्या फ्लोअरवर सुकी रांगोळी भुरभुरवली, भाचा टॉर्च घेऊन आत, मी बाहेर नळी घेऊन. दारांच्या खालून सुरुवात, प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं, मग हळूहळू वर. वरून सुरू केलं असतं तर सगळंच भिजून काही कळलं नसतं. दारं ठीक. पुढच्या काचेच्या रबराचा उजवा खालचा कोपरा, तिथे नळी आली आणि भाचा ओरडला, रांगोळीत ओघळ! मागे डावीकडे मात्र कोरडं ठणठणीत.

मग सरांची परीक्षा. हायस्कूलच्या मॅडमनी प्रयोगशाळा उघडून दिली, नववीची पाच मुलं बघायला. पुढच्या उजव्या कोपऱ्याचं पाणी जरासं दुधाळ झालं. मागच्या डाव्या कोपऱ्याच्या नळीत थेंब पडला आणि फाटलेल्या दुधासारख्या पांढऱ्या गुठळ्या. एक मुलगा म्हणाला, मॅडम, पनीर.

घरी येऊन आईला सांगितलं. तिने कोकम फोडता फोडता मान वर केली नाही. “मगे? पाटी थयच ठेवीत ना.”

कुठली पाटी?

तर बाबा कणकवलीला ऑफिसात. बुधवार-शुक्रवार आचऱ्याच्या बंदरावरून ऑफिसातल्या लोकांसाठी बांगडे, सौंदाळे न्यायचे. बर्फात, वर खडे मीठ. डिकीत गॅसचा सिलिंडर, म्हणून पाटी मागच्या सीटच्या पायाशी, डाव्या बाजूला. खाली गोणपाट. बर्फ वितळून मिठाचं पाणी मॅटच्या कडेने नमद्यात. आठवड्यातून दोनदा, रिटायर होईपर्यंत. मी लहानपणी त्या गाडीला ‘बांगड्याची गाडी’ म्हणायचे, आणि आठवडाभर इथे विचारत बसले की गंज तिथेच का!

---

पत्रेवालो_सावंतवाडी
१६ नोव्हेंबर, रात्री ८.००

तरी माका वाटलाच व्हता. पोरग्याक धाडतंय, मशीन घेऊन. चहा-नाश्तो तुझो.

---

वाशिष्ठीकाठ
१७ नोव्हेंबर, सकाळी ७.४५

ताई, पत्र्याचं काम शिमग्याच्या आत उरका. आणि रंगाची घाई सकाळी करू नका. थंडीत पहाटे दव पडून पत्रा ओला असतो, हाताला कळत नाही. मी एकदा आठ वाजता प्रायमर मारला, साल निघावी तसा निघाला.

---

आचऱ्याची_फियाट
२ मार्च, रात्री १०.२०

झालं. जे केलं ते लिहिते, कोणाला उपयोगी पडलं तर.

काकांचा मुलगा तीन वेळा आला. पहिल्या दिवशी टोच्या घेऊन बसला आणि माझ्या अंदाजाच्या दुप्पट कापलं. डाव्या सिलचा आतला पत्राही वीतभर गेला होता. तिथे त्याने आधी दाराच्या चौकटीत लोखंडी पट्टी आडवी टाकून चौकट धरून ठेवली, मग कापलं. मुंबईहून जुना फ्लोअर मागवू का असं मी विचारलं होतं. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, भंगारात बरेच असतील असं वाटलं. तो म्हणाला, मुंबईची टॅक्सी म्हणजे आपल्याच समुद्राची, गंजच विकत आणशील.

नाळी मात्र फणसाच्या फळीवर उठवल्या. ठोकत तो, फळी धरत मी. पहिली वाकडी आली, ती तशीच आहे, ड्रायव्हरच्या सीटखाली. पत्रा फळीवर असताना आवाज आधी कर्कश येतो, मग खोबणीत बसत जातो तसा बसका होत जातो. तो न बघता, कानाने, थांबायचा.

वेल्डिंग झाल्यावर गोड्या पाण्याने तीनदा धुतलं, हेअर ड्रायरने वाळवलं. अकराच्या उन्हानंतर दोन भागांचा एपॉक्सी प्रायमर. हार्डनर मिसळल्यावर डब्यावर लिहिलं होतं तितका वेळ थांबले, हे लिहिते कारण पहिल्या डब्याला थांबले नव्हते आणि तो चिकटच राहिला, सगळा पुसून काढावा लागला. सांध्यांवर वरून आणि खालून सीलंट. खाली जाड कोटिंग. सिलच्या आत मेण फवारलं. शेजारचे अण्णा म्हणत होते जळकं ऑइल मारा, फुकट आहे. पण ते रबराच्या बुशांवर गळतं आणि रबर फुगतं, म्हणून नको म्हटलं. अण्णा अजून रुसलेत.

पाणी जायची भोकं २०११ वाल्याने डांबराने बुजवली होती, ती उघडली. चारही भोकांना रबरी बुचं, हाताने निघणारी.

आता अस्तर. गप्प गाडी आणि वाशिष्ठीकाठ, दोघांचंही अर्धं ऐकलं. ब्यूटाइल फक्त उंच भागावर: फायरवॉल, गिअरबॉक्सवरचा फुगवटा, सीटखालचा भाग. पायांच्या खोलगट जागेत, जिथे पाणी साचेल, तिथे प्रायमर आणि रंग, बस. त्यावर बंद पेशींचा फोम सुटा, कापून बसवलेला, वर रबरी मॅट. बादलीची परीक्षा तीन नमुन्यांना दिली, दोन नापास. मागच्या डाव्या कोपऱ्यातला फोम मी आईच्या स्वयंपाकघरातल्या चिमट्याने एका दमात उचलू शकते. वेळ लावून बघितलाय.

काच गळत होती तिथे नवीन रबर बसवलं.

परवा आईला घेऊन रामेश्वराला गेले. तिसऱ्या गिअरला बोलता येतं. चौथ्याला ओरडावं लागतं, पण तो आता वाऱ्याचा आवाज आहे, पत्र्याचा नाही. आई पाय ठेवताना आधी चप्पल पुढे करून दाबून बघते. परत येताना बंदरावर थांबून तिने सवयीने पाटी विचारली. मी गाडीला कुलूप लावून चालत गेले.

---

पत्रेवालो_सावंतवाडी
३ मार्च, सकाळी ६.०५

वाकडी नाळ ठेवलीस ता बरा केलंस. पण पाऊस पडल्याबिगर ‘झालं’ म्हणू नको.

---

आचऱ्याची_फियाट
११ जून, संध्याकाळी ६.३०

काका, पडला. काल रात्रभर. सकाळी चारही मॅट उचलल्या. मागे दोन्ही बाजू कोरड्या. पुढे उजवीकडे अर्धा कप. काच नव्हे, वरून वायपरची दांडी जिथे पत्र्यातून बाहेर येते तिथून. तिथला रबरी वायसर चुरा झालाय. कणकवलीत मिळत नाही, कुडाळातही नाही. काय करू?

---

पत्रेवालो_सावंतवाडी
११ जून, संध्याकाळी ६.५०

ट्रकच्या जुन्या ट्यूबमधून दोन चकत्या काप. भोक दांडीपेक्षा जरा बारीक ठेव, ताणून बसव. आणि बूच काढलंस काय खालचा?

---

आचऱ्याची_फियाट
११ जून, संध्याकाळी ६.५२

काढलं. तिथूनच तर अर्धा कप झाला, नाहीतर एक असता.